दिवा लागला नाही तर

बशीरभाई,

काल तुमचा चाळिसावा दिवस झाला. मी मांसाहार करत नाही हे तुम्ही घरात कधी सांगून ठेवलं होतं कोण जाणे, तुमची सून शबाना माझ्यासाठी वेगळा शिरा करून घेऊन आली. डबा ओट्यावर ठेवला आणि जाताना सवयीने हॉलच्या भिंतीवरच्या खोक्याकडे बघून गेली. मीही बघितलं. आता आम्ही दोघी तिकडे बघितल्याशिवाय राहत नाही.

आज सकाळी खरं तर मिहीरला उत्तर लिहायला बसले होते. माझा हा नातू तुम्हाला माहीतच आहे. तो इथे एक पुठ्ठ्याचं खोकं विसरून गेला, म्हणून तर आपली शिकवणी सुरू झाली. त्याच्या धाकट्या बहिणीला, सईला, तिकडे परदेशात आता तोच नाद लागलाय. मिहीर लिहितो, "आजी, मायक्रोकंट्रोलर शिकायला सगळ्यात चांगलं काय, हे तू आणि भाईंनी शोधून काढलं होतं ना? तुझ्या रजिस्टरमधून सईला कळव." मी रजिस्टर काढलं, पेन उघडलं आणि पहिली ओळ लिहिली ती तुमच्या नावाची. मग खोडली नाही. तेव्हा मिहीर, सई, हे तुमच्यासाठीच आहे. पण मी बोलतेय भाईंशी. तुम्ही बाजूला बसून ऐका.

भाई, ते खोकं मला कपाट आवरताना सापडलं. आत एक निळा बोर्ड, रंगीत तारा, डाळीएवढे दिवे आणि एक इंग्रजी पुस्तिका. मला वस्तू जागेवर नसलेली चालत नाही आणि या वस्तूला माझ्या घरात जागाच नव्हती. माझा रेडिओ, मिक्सर, इस्त्री इतकी वर्षं तुम्हीच दुरुस्त करत आला होता, म्हणून तुमच्या दुकानात घेऊन आले. म्हटलं, कामाचं असलं तर ठेवा. तुम्ही बोर्ड उजेडात धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि मधल्या काळ्या चिपवर, म्हणजे मायक्रोकंट्रोलरवर, नख ठेवलंत.

"बाई, हाच त्यो."

"कोण तो?"

"धुन्याच्या मशीनमधला. फ्रीजमधला. कंपनीचा मानूस येतो, सगळं किटच बदला म्हनतो आन् जातो. का बदला, ते त्यालाबी ठाव नसतं. ह्याच्या पोटात कायतरी लिवल्यालं असतं. ते वाचता आलं पायजे."

"मग शिका की."

"शिकतो. पर समदं इंग्रजीत हाय. तुमी वाचा, मी लावतो."

तुमचं वय तेव्हा सत्तरीला आलेलं, शाळा सातवीपर्यंत. मी पुण्याला इंग्रजी माध्यमात शिकलेली आणि श्रीगोंद्यात इंग्रजीची बाई म्हणून निवृत्त झालेली. मला वायर सोलायची भीती, तुम्हाला इंग्रजी वाक्याची. सोमवार, बुधवार, शनिवार, दुपारी चार ते साडेपाच, माझ्या हॉलमध्ये. रमझानमध्ये तुमचा रोजा असायचा म्हणून मीही त्या दीड तासात पाणी प्यायचे नाही. तुम्ही म्हणायचात, "बाई, घसा कोरडा पडला की तुमचं इंग्रजी जास्त कडक व्हतं. पानी प्या." मी प्यायले नाही. ही एक गोष्ट तरी मी तुमच्यासाठी केली, असं हल्ली मनाशी म्हणते. मग लगेच वाटतं, किती छोटी गोष्ट.

सईसाठी आता रजिस्टरातून सांगते. मिहीरच्या खोक्यातली पुस्तिका निरुपयोगी. कुठल्या तरी भाषेतून इंग्रजीत आणलेली, आणि आणणाऱ्याला दोन्ही भाषा येत नसाव्यात. मी लाल पेनाने तिच्या चुका दुरुस्त करत बसले आणि तिसऱ्या पानावर तुम्ही म्हणालात, "बाई, पेपर नंतर तपासा, आदी दिवा लावू." त्याच आठवड्यात मी पहिला प्रोग्रॅम टाइप केला. वाक्याची सुरुवात लहान अक्षराने असलेली मला बघवली नाही, म्हणून मोठं अक्षर केलं. लॅपटॉपने तांबड्या अक्षरांत नकार दिला. तुम्ही इतके हसलात की चहा बशीत सांडला. "ही मशीन तुमच्यापेक्षा कडक निगाली."

मग व्हिडिओ पाहिले. हिंदीतले. तो तरुण पाच मिनिटं नमस्कार करायचा आणि तार लावायची वेळ आली की त्याचाच हात मध्ये यायचा. तुम्ही म्हणायचात, हा शिकवत न्हाई, दाखवतोय. मिहीरने चाळीस दुव्यांची यादी पाठवली. सगळे दुवे उघडून पाहिले, एकही सोडला नाही. काही बंद पडलेले होते, काही लहान मुलांसाठी होते, आणि काही लिहिणाऱ्याने स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन लिहिले होते. एका चर्चेच्या पानावर मी तुमच्या वतीने प्रश्न विचारला. बटण दाबलेलं नसतानाही दिवा आपोआप का फडफडतो? उत्तर आलं, आधी चिपचा मूळ दस्तऐवज वाचा. तो तीनशे पानांचा निघाला. मी वाचायला सुरुवात केलीसुद्धा. तोवर तुम्ही बोर्डाला नुसतं बोट लावून कारण सांगितलंत. "ही पिन कुटंच बांदल्याली न्हाई. दार उगडंबी न्हाई, बंदबी न्हाई, वाऱ्यावर हाय. तिला एका अंगाला धरून ठिवाया पायजे." नंतर एका पुस्तकात तेच सापडलं, दीड पानभर.

नगरच्या कुणा विद्यार्थ्याने रद्दीत दिलेलं कॉलेजचं पुस्तकही आणलं आपण. ते शून्य आणि एक यांच्यापासून सुरू झालं आणि साठाव्या पानापर्यंत एकही तार आली नाही. त्या बुधवारी तुम्ही खुर्चीत झोपलात. मी वाचत राहिले.

आणि तेव्हाच तुम्ही मला ती कसोटी सांगितलीत. मी रजिस्टरात रकाने आखले होते: नाव, कुठून मिळालं, भाषा, शेरा. तुम्ही म्हणालात, अजून एक रकाना वाढवा.

"कसला?"

"दिवा लागला न्हाई तर काय करायचं, ते सांगितलंय का. दिवा कसा लावायचा, ते समदेच सांगत्यात. मी आयुष्यभर न लागलेल्या दिव्यावरच पोट भरलंय. जे पुस्तक त्याचं सांगंल, ते खरं."

तो रकाना मी आखला. त्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे 'नाही' आहे.

एकाच ठिकाणी 'होय' आहे. कुठल्याशा निवृत्त इंजिनिअरने लिहून फुकट ठेवलेलं बावीस धड्यांचं जाड पुस्तक. प्रत्येक धड्याच्या शेवटी एक पान: चाललं नाही तर. त्यात नेहमी पहिली ओळ तीच. आधी तार तपासा. मग सप्लाय. मग प्रोग्रॅम. सई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हेच पुस्तक. पण पुढचंही वाच, कारण चांगलं पुस्तकसुद्धा माझ्यासारखीच्या हाती पडलं की काय होतं, ते तुला कळायला हवं.

भाई, धडा सोडून पुढे जायचं नाही, हा माझा नियम होता. वर्गात होता, म्हणून तुमच्यासाठीही होता. तुम्हाला बिनतारी संदेशाच्या धड्याकडे पळायचं होतं. रेडिओवाल्याला दुसरं काय दिसणार. तुम्ही वाद घालायचात. "बाई, रेडिओ रिपेअर करताना मी अँटेनापासनं कदी सुरवात केली न्हाई. जिथनं धूर निगाला तिथनं केली." मी म्हणायचे, म्हणूनच तुमचं ज्ञान भोकाभोकांचं आहे. तुम्ही मान डोलवायचात आणि धडा क्रमानेच व्हायचा. चौदाव्या धड्यापर्यंत यायला आपल्याला दीड वर्ष लागलं.

त्या सुमारास मी न्हाणीघरात घसरून पडले. सकाळी सहाला पडले ती कामवाली येईपर्यंत तशीच. हाड मोडलं नाही, पण फरशी किती गार असते ते समजलं. तुम्ही भेटायला आलात, दाराची चौकट बोटांनी मोजून गेलात. आठवड्याने खोका आणलात. दाराला लोहचुंबकाची कळ, भिंतीवर खोका, गच्चीवर तांब्याच्या तारेची अँटेना. तसाच दुसरा खोका आणि अँटेना दोन गल्ल्या पलीकडे तुमच्या दुकानावर. अँटेनासाठी मात्र कुठलंच पुस्तक उघडलं नव्हतंत. साडेनऊपर्यंत माझं दार एकदाही उघडलं नाही, तर तुमच्या दुकानात लाल दिवा लागायचा. चौदावा धडा, संदेश पाठवणे. मी रजिस्टरात लिहिलं: पूर्ण.

तुम्ही असताना तो दिवा एकदाच लागला. मी नगरला भाचीकडे मुक्कामाला गेले आणि तुम्हाला सांगायचं विसरले. दुसऱ्या दिवशी अकराला परतले तर माझ्या दारात गर्दी. तुम्ही शबानाच्या स्कूटरवर मागे बसून आला होतात, पायात घरातल्या सपाता, दुकानाचं शटर सताड उघडं, सोल्डरिंग गन चालू ठेवलेली. तुम्ही दार ठोठावत होतात आणि शबाना खिडकीतून हाका मारत होती. मला लाज वाटली आणि लाजेचा राग झाला.

"आधी तार सुटली का, ते तरी बघायचं. धड्याच्या शेवटी स्पष्ट लिहिलंय."

"लिवलंय."

"मग?"

"धड्यात बरोबरच लिवलंय, बाई. पर धडा लिवनाऱ्याला तुमी म्हाईत न्हाई."

मी मनातून तुम्हाला चुकीचाच शेरा दिला. पद्धत ती पद्धत. त्या दिवशीचं ते भांडण तसंच राहिलं आहे.

थोड्या दिवसांनी तुम्ही म्हणालात, "उलटंबी करू का? माजं तुमाला कळंल."

मी म्हटलं, "ते सतराव्या धड्यात आहे. आपण पंधरावा करतोय. आणि तुमच्या घरी माणसं आहेत, तुमचं मला कशाला कळायला हवं?"

हे वाक्य मी बोलले, भाई. मिहीर, सई, तुमची आजी हे वाक्य बोललेली आहे, आणि ते मी इथे जसंच्या तसं लिहिते आहे.

तुम्ही म्हणालात, "बरोबर हाय." आणि पंधरावा धडा सुरू केलात. त्यात मोटर होती. तुम्हाला मोटर आयुष्यभर येत होती. तरी तुम्ही माझं पूर्ण वाचून होईपर्यंत बसून राहिलात.

महिन्याभराने अँटेनात पाणी गेलंय म्हणून तुम्ही खोका एक दिवस दुकानात नेलात. परत आणलात तेव्हा त्यावर एक हिरवा दिवा होता.

"हा कशाचा?"

"सप्लाय ठीक हाय ते कळतं."

"मग रात्री का बंद असतो?"

"बॅटरी वाचवतो, बाई."

मी विश्वास ठेवला. मला नोंदी ठेवायची सवय, म्हणून रजिस्टराच्या शेवटच्या पानांवर त्या दिव्याच्याही ठेवल्या. सकाळी नऊच्या सुमारास लागतो. रात्री आठला जातो. शुक्रवारी साडेबाराला जातो, अडीचला येतो. व्होल्टेज? पावसाळी दिवशी दुपारी पुन्हा पुन्हा जातो. ओल? एकदा सलग दोन दिवस लागला नाही. मी त्या नोंदी तुम्हाला दाखवल्या होत्या. तुम्ही पान हातात धरून बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "लई बारीक लक्ष हाय तुमचं. बगतो." आणि तोंड खिडकीकडे केलंत. मला वाटलं, उजेड डोळ्यावर येतोय.

मग तो मंगळवार. नऊ वाजले, सव्वानऊ झाले, हिरवा दिवा लागला नाही. मी पद्धतीप्रमाणे केलं. तार पाहिली. खोक्यावर टिचकी मारली. सप्लायचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं. मग रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: नऊ चाळीस, हिरवा दिवा नाही, उद्या भाईंना दाखवणे. दुसऱ्या दिवशी बुधवार होता, तुम्ही चारला येणारच होता. मी पालक निवडत बसले.

तुम्ही त्या दिवशी कुणाचं तरी मशीन द्यायचं म्हणून आठलाच दुकानात गेला होतात. शटर अर्धं वर. शेजारच्या टेलरला वाटलं, मागे गेले असतील. शबाना एकला डबा घेऊन गेली तेव्हा तुम्ही टेबलापाशी खाली होतात. डॉक्टर म्हणाले, लगेच गेले असतील, कुणी असतं तरी काही झालं नसतं. 'असतील', 'नसतं'. आयुष्यभर व्याकरण शिकवलं, पण ही क्रियापदं इतकी पोकळ असू शकतात हे त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. डॉक्टर भले माणूस आहेत. त्यांना खरं काय ते माहीत नाही. मलाही नाही आणि यापुढेही कळणार नाही.

यानंतरचं मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही.

तुमच्या दफनानंतर अकराव्या दिवशी मी उठले नाही. आजारी नव्हते. जाग आली, छत दिसलं, आणि उठून दार उघडण्याचं काही कारण सापडलं नाही. साडेनऊ वाजून गेले. तेव्हा लक्षात आलं, तिकडे तुमच्या बंद दुकानात आत्ता लाल दिवा लागला असेल. त्याची वायर मीटरच्या मुख्य बोर्डावरून वेगळी होती, ती कुणी काढली नव्हती. तो दिवा लागला असेल आणि बघायला कुणी नसेल. त्याला कळतच नसेल की बघणारा गेलाय. मी कूस बदलली. मला उठता येत होतं, पण तो दिवा तसाच जळू द्यावा असं वाटलं. का ते विचारू नका.

थोड्या वेळाने घोटभर पाण्यासाठी हॉलमध्ये आले, आणि भिंतीवरचा हिरवा दिवा लागला.

माझ्या डोळ्यांसमोर लागला, भाई. अकरा दिवस काळा पडलेला दिवा. मी कशालाही हात लावला नव्हता. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, पण मी भिंतीला टेकून तुमचं नाव घेतलं, मोठ्याने. आणि त्याच क्षणी कुणीतरी दार ठोठावायला लागलं.

शबाना होती. डोक्यावरची ओढणी घसरलेली, धाप लागलेली.

"बाई, तुमी ठीक हाय ना? टेलरचाचाचा फोन आला. म्हनले, दुकान बंद हाय आन् शटरखालनं लाल उजेड येतोय. इरफान किल्ली घिऊन तिकडं पळाला, मी हिकडं आले. मला म्हाईत हाय ना त्यो लाल दिवा कशाचा."

मी तिला खोक्याकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "काय झालं?"

"इरफानला फोन लाव. विचार, त्याने आत्ता काय केलं."

तिने फोन स्पीकरवर ठेवला. तुमचा मुलगा दुकानात उभा होता. शुगर फॅक्टरीत पहिल्या पाळीला जाणारा, त्या दिवशी सुट्टीवर.

"काय न्हाई केलं, बाई. अंधार हुता म्हनून अब्बांच्या टेबलाच्या बोर्डाचं बटन लावलं फक्त."

"बंद करा."

हिरवा दिवा गेला.

"लावा."

लागला.

"पुन्हा बंद करा." गेला. "लावा." लागला. किती वेळा करवलं, आठवत नाही. शबाना आधी माझ्याकडे बघत होती, मग दिव्याकडे, मग खाली बसली. तिकडून इरफान हळू आवाजात म्हणाला, "बाई, टेबलाच्या बोर्डातनं एक बारीक वायर त्या खोक्यात गेल्याली हाय. अब्बांनी कदी लावली?"

अँटेनात पाणी गेलेलं नव्हतं. तुम्ही धडा सोडून पुढे गेला होतात.

सतरावा धडा इरफानने तुमच्या खणातून आणून दिला. छापून घेतलेली नऊ पानं, कडा तेलकट. प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीखाली तुम्ही पेन्सिलीने रेघ मारलेली. इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं, पण रेडिओच्या भागांवरची अक्षरं वाचून वाचून लिपी ओळखीची होती. इरफानच्या लॅपटॉपवर एकेक अक्षर बघून टाइप केलंत म्हणे, रोज थोडं, महिनाभर. शब्दांच्या वर अंदाजाने अर्थ लिहिले होते. ऐकणे. बोलणे. थांबणे. एका शब्दावर नुसता गोल आणि बाजूला: बाईंना विचारणे. मग 'विचारणे' खोडलेलं. विचारलं असतं तर मला कळलं असतं ना, की तुम्ही सतराव्यात आहात.

तो शब्द सांगते आता. त्याचा अर्थ, तुमचं पोचलं हे उलट कळवणं.

त्या संध्याकाळी मी रजिस्टराची शेवटची पानं वाचली. व्होल्टेज नव्हतं, ओल नव्हती. शुक्रवारी साडेबारा ते अडीच तुम्ही मशिदीत होतात आणि घरी जेवून येत होतात. पावसाच्या दिवशी गिऱ्हाईक नसलं की दिवे मालवून दारात खुर्ची टाकून बसत असणार. ते दोन दिवस तुम्हाला ताप होता. शबानाने सांगितलं, तुम्ही मला कळवू नको म्हणालात. दीड महिना मी माझ्याच अक्षरात तुमचे दिवस लिहून ठेवले होते आणि प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं.

फक्त एक वेळ त्यात कुठेच नाही. सोमवार, बुधवार, शनिवार, चार ते साडेपाच. त्या वेळी तो दिवा बंदच असणार, कारण तुम्ही दुकान बंद करून माझ्या समोर बसलेले असायचात. समोर तुम्ही असताना मी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

मला तुमचा राग आलाय, भाई. सांगायचं होतंत. मी ओरडले असते, एक तास ओरडले असते, आणि मग मला माहीत असतं. पण माणूस सत्तराव्या वर्षी शिक्षा होईल म्हणून चांगली गोष्ट लपवतो, ही चूक त्याची एकट्याची कशी असेल? तुम्हाला वाटलं असेल, दोन धडे तर राहिलेत. पंधरा, सोळा, मग सतराव्याच्या दिवशी म्हणू, बाई, हे बगा, हे तर भिंतीवर हायच. माझं तोंड कसं होईल, त्याची तुम्ही वाट बघत असणार. मी तेच तोंड घेऊन त्या सकाळी भिंतीला टेकून उभी होते. तुम्ही तेवढे नव्हता.

दुकान आता रिकामं झालं. इरफान म्हणाला, खोके काढून टाकू का? मी नको म्हटलं. शबाना आणि मी रोज चारला बसलो. मी वाचलं, तिने लावलं. तिचा हात तुमच्यासारखा हलका नाही, पण ती प्रश्न जास्त विचारते. लाल दिवा आता तिच्या स्वयंपाकघरात आहे. सकाळी तिने ओट्यावरचं बटण लावलं की माझ्याकडे हिरवा लागतो. दार मी रोज साडेनऊच्या आत उघडते. ते एवढ्यासाठीच उघडते असं नाही, पण यासाठीही.

पुस्तकात शेवटी असायचं तसं एक पान मी आमच्या खोक्यांसाठी लिहिलं. मराठीत, स्वच्छ अक्षरात, दोन प्रती. एक तिच्या भिंतीवर, एक माझ्या. सई, रजिस्टरातलं बाकी काही वाचलं नाहीस तरी चालेल, हे उतरवून घे.

दिवा लागला नाही तर:
तार, सप्लाय, प्रोग्रॅम, यांतलं काहीही तपासू नये.
आधी जाऊन यावं.

शबानाने ते चिकटवण्याआधी दोनदा वाचलं. "बाई, पुस्तकात असं हाय?"

"नाही," मी म्हटलं. "पुस्तक लिहिणाऱ्याला आपण माहीत नव्हतो."